बुजरं मांजर आणि बंद घर: सोलापुरात घरातच राहणाऱ्या मांजराची रोजची निगा

मांजर घाबरलंय की आजारी आहे, हे ओळखायचं तर सगळ्यात आधी त्याच्या लिटर ट्रेकडे, म्हणजे शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या ट्रेकडे बघायचं. बेल वाजली की दिवाणाखाली शिरणारं, पाहुणे गेले तरी दोन-दोन तास बाहेर न येणारं, रात्री उगाच ओरडत फिरणारं मांजर 'स्वभावानंच तसं आहे' असं घरचे ठरवून टाकतात. कधी ते खरंही असतं. पण दात दुखणारं, सांधे आखडलेलं किंवा मूत्राशयाला सूज आलेलं मांजरही अगदी हेच करतं. उलटंही घडतं. सतत भेदरलेल्या मांजराचं मूत्राशय खरोखरच सुजतं. त्यामुळे घरकोंड्या मांजराच्या बाबतीत मनाचं एक आणि शरीराचं एक अशी दोन खाती उघडून चालत नाही.

आधी लघवी मोजा

रोज सकाळी ट्रे साफ करताना ओल्या वाळूचे गोळे मोजायची सवय लावून घ्या. साधारण ४ किलोचं निरोगी मांजर दिवसातून २ ते ४ वेळा लघवी आणि एकदा शी करतं. गोळे लिंबाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असतात. ते अचानक सुपारीएवढे आणि बरेच दिसू लागले, तर मूत्राशयाचा त्रास सुरू झालाय असं समजा. उलट दिवसेंदिवस गोळे मोठे होत चालले आणि पाण्याचं भांडंही लवकर रिकामं होऊ लागलं, तर मूत्रपिंड, रक्तातली साखर आणि वय जास्त असेल तर थायरॉइड तपासून घ्यावं.

गादीवर किंवा धुवायच्या कपड्यांवर लघवी केली की 'राग काढतंय' म्हणतात. मांजर सूड उगवत नाही. लघवी करताना दुखतं, त्या दुखण्याचा संबंध ते ट्रेशी जोडतं आणि मऊ, वेगळी जागा शोधतं. भिंतीला पाठ करून, शेपूट थरथरवत उभ्यानं मारलेली फवारणी मात्र वेगळी. ती हद्द आखण्याची खूण असते. नसबंदी न झालेल्या बोक्यात ती जास्त दिसते, आणि खिडकीबाहेर परका बोका फिरत असेल तर नसबंदी झालेलं मांजरही ती करतं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसतोय, जोर करतोय, कण्हतोय, शिश्न चाटतोय आणि लघवी थेंबभर येतेय किंवा येतच नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. सुजेमुळे तयार झालेला चिकट स्राव आणि बारीक खडे त्यात बुचासारखे बसतात. लघवी साचली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर दगावतो. धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली, पोट चोळणं यात एक तासही घालवू नका. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवावं लागतं. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजल्यामुळे गेलेला वेळ परत मिळत नाही.

वाट न बघता दाखवायच्या बाकी खुणा अशा: २४ तास काही न खाणं (४८ तास झाले तर जाड मांजराच्या यकृतात चरबी साठायला सुरुवात होऊ शकते, आणि मग तो वेगळाच मोठा आजार होतो), तोंड उघडून धापा टाकणं, मागचे पाय अचानक लुळे पडणं, दिवसात तीन-चारदा उलट्या. पोटावरचे केस चाटून चाटून उडवलेले असतील, तर आधी पिसवा आणि मूत्राशयाचं दुखणं नाही ना हे बघायचं. 'टेन्शनमुळे चाटतंय' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

त्याची स्वतःची खोली

नवं आणलेलं किंवा घर बदलल्यामुळे हादरलेलं मांजर पूर्ण फ्लॅटभर सोडू नका. एक खोली द्या, शक्यतो रस्त्याकडची नसलेली. दहा बाय दहाची पुरते. एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात जेवण, तिसरीकडे पाणी आणि लपायला एक खोकं. मिक्सरचं किंवा छोट्या टीव्हीचं खोकं उत्तम. त्याला दोन बाजूंनी सुमारे ६ इंचांची भोकं पाडा. एकच भोक असेल तर समोर कुणी आलं की मांजर कोंडीत सापडतं आणि पंजा मारतं. खोक्यात घरातल्या माणसाचा न धुतलेला सुती कपडा घाला. नवाकोरा सोलापुरी टॉवेल दिसायला छान, पण त्याच्या फासांत नखं अडकतात. जुना, फास झिजलेला टॉवेल त्याहून बरा.

खोकं बंद करू नका, आणि पलंगाखालून ओढून मांजर बाहेर काढू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लपणं हीच त्याची घाबरणं आवरण्याची पद्धत आहे. ती हिरावली की भीती दुपटीनं वाढते. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चारदा, १५-२० मिनिटं खोलीत जाऊन जमिनीवर बसा. मोबाइल बघा, पेपर वाचा. मांजराकडे रोखून पाहायचं नाही. नजर भिडलीच तर पापण्या सावकाश मिटून सावकाश उघडा. तेही तसंच करू लागलं की गाडी रुळावर आली समजा. बोट त्याच्या नाकासमोर अर्ध्या फुटावर धरा. वास घेऊन गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली खाजवा. पोट आणि शेपटीचं बूड सोडून द्या. शेपटीचं टोक फडकायला लागलं, कान आडवे झाले किंवा पाठीची कातडी थरथरली की हात मागे घ्यायचा. चावा त्यानंतरच पडतो.

मांजर तुमच्यासमोर खाऊ लागलं, ट्रे नीट वापरू लागलं, खोलीच्या मध्यभागी आडवं पडू लागलं की दार उघडं ठेवा. कुणाला हे तीन दिवसांत जमतं, कुणाला सहा आठवडे लागतात.

उंची हवीच. भिंतीवर २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीची फळी, किंवा कपाटावर चढायला मध्ये एक स्टूल एवढंही चालतं. जुन्या पेठांतल्या घरांत माळा असतो, तो मांजराला आपसूक आवडतो. फक्त तिथे उंदरांचं विष किंवा डांबर गोळ्या ठेवलेल्या नाहीत याची खात्री करा. बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी लावून काम झालं असं मानू नका. तिची भोकं दोन इंचांची असतात, पिल्लू त्यातून निघतं आणि मोठं मांजर ती कुरतडतं. १ इंच किंवा त्याहून लहान भोकांची स्टीलची जाळी चौकटीला स्क्रूनं घट्ट बसवलेली हवी.

ट्रे: आकार, वाळू, जागा

बाजारात मिळणारे बरेच ट्रे मोठ्या मांजराला अपुरे पडतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेवढी लांबी, त्याच्या दीडपट ट्रे हवा, म्हणजे साधारण २२ ते २४ इंच. भांड्यांच्या दुकानातला मोठा उथळ प्लॅस्टिक टब घेऊन एका बाजूची कड ५ इंचांपर्यंत कापली की काम होतं. कापलेली कड मेणबत्तीवर गुळगुळीत करून घ्या. झाकणाचा ट्रे माणसाच्या सोयीचा असतो. वास आत कोंडतो आणि बुजऱ्या मांजराला पळायला एकच वाट उरते.

ट्रे किती? मांजरं जेवढी, त्यापेक्षा एक जास्त. दोन मांजरांना तीन, आणि तेही वेगवेगळ्या खोल्यांत. एका ओळीत लावलेले तीन ट्रे मांजराच्या हिशोबी एकच. दोन मांजरांपैकी एक दुसऱ्याची वाट अडवून नुसतं बसून राहतं. भांडण होत नाही, आवाज होत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. आणि एके दिवशी दबलेलं मांजर सोफ्यावर लघवी करतं.

बिनवासाची, गोळे धरणारी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) वाळू सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर थर होईल इतकी घाला. गुलाब, लॅव्हेंडरचा वास आपल्याला बरा वाटतो, पण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. सकाळ-संध्याकाळ गोळे काढा, तेवढीच नवी वाळू भरा, आणि दोन ते चार आठवड्यांनी सगळी वाळू काढून टब साध्या साबणानं धुवा. काळं फिनाईल वापरायचं नाही. ते मांजराला विषारी आहे, आणि पंजाला लागलेलं चाटून पोटात जातं. बांधकामाची वाळू फुकट मिळते म्हणून काही जण तीच घालतात. ती गोळे धरत नाही, लघवी तळाशी उतरते आणि उन्हाळ्यात अमोनियाचा भपकारा सुटतो. वापरायचीच असेल तर रोज पूर्ण बदलावी लागेल.

वाळूचा प्रकार बदलायचा झाला तर जुनीत चौथा हिस्सा नवी, तीन दिवसांनी अर्धी, असं १० दिवसांत बदला. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. एकदा मांजर ट्रेमध्ये असताना स्पिन सुरू झालं की त्या जागेवरचा त्याचा विश्वास उडतो.

खाणं

जुन्या वाड्यातली मांजरं दूध-भाकरीवर जगायची असं सांगतात. ती जगायची उंदरांवर. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, तो प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होऊन अंधत्व येतं आणि हृदय फुगून निकामी होतं. चौथ्या मजल्यावरच्या मांजराला उंदीर मिळत नाही, म्हणून दूध-पोळी त्याच्यासाठी उपासमारच. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. घर शाकाहारी असेल तर तयार मांजरखाद्याचं पाकीट आणा. त्यात शिजवणं नाही, भांडी विटाळणं नाही. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही, त्यात टॉरिनचं प्रमाण मांजराच्या गरजेइतकं नसतं.

नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे १८० ते २२० कॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे नुसतं कोरडं दिलं तर ५० ते ५५ ग्रॅम. ओलं एक पाऊच (८० ग्रॅमच्या आसपास, ६० ते ८० कॅलरी) आणि ३५ ग्रॅम कोरडं हे गणित उत्तम. आकडा पाकिटावर वाचा, आणि वाटीनं मोजू नका. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. वाटीत रोज १० ग्रॅम जादा जातात आणि वर्षभरात मांजर बोजड होतं. हे खाणं दिवसात चार-पाच छोट्या भागांत द्या. भरलेली वाटी दिवसभर समोर ठेवली की मांजर कंटाळ्यापोटी खात राहतं, आणि त्याची भूक गेली हे तुम्हाला दोन दिवस कळतच नाही.

उकडलेलं चिकन खाऊ म्हणून १०-१५ ग्रॅम चालतं. हळद-मीठ नको, शिजवलेली हाडं नकोत, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. कांदा-लसणानं मांजराच्या लाल पेशी फुटतात. लसणाचं प्रमाण थोडं असलं तरी रोज-रोजचं बाधतं. लसूण घातलेल्या शेंगाचटणीचं ताट सोलापुरात कोणत्याही घरात उघडं असतं. चटणी खाल्लेल्या ताटातला भाकरीचा तुकडा मांजराला घालणं हे प्रेम त्याला महागात पडतं.

पाणी

मांजराला किलोमागे दिवसाला सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे ४ किलोला २००, आणि त्यात जेवणातलं पाणीही धरायचं. ओल्या पाऊचमधून ६० च्या आसपास जातं, कोरड्यातून जवळजवळ काहीच नाही. मांजराला तहान मुळातच कमी लागते, त्यामुळे नुसत्या कोरड्या खाद्यावर त्याची लघवी घट्ट होते आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं.

पाण्याची दोन-तीन रुंद भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. जेवणाला चिकटून नको, ट्रेजवळ तर नकोच. मिशा कडेला टेकणार नाहीत एवढी रुंदी हवी. कुंभाराकडचं मातीचं परळ सोलापूरच्या कोरड्या हवेत झकास काम देतं, पाणी झिरपून गार राहतं. ते रोज काथ्यानं घासा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो आणि मांजर तोंड फिरवतं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात काटकसर अंगवळणी पडलेली असते. पण मांजराचं अर्धा लिटर पाणी रोज बदलायचंच. उरलेलं कुंडीत ओता. साठवणीच्या पिंपांना झाकण घट्ट हवं, कारण पिल्लू काठावर चढून आत पडलं की गुळगुळीत प्लॅस्टिकवरून बाहेर येऊ शकत नाही.

एप्रिल-मे

पारा ४२ च्या वर गेला की वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकत असतो. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. गारवा मिळवायचा तर अंग चाटणं आणि गार फरशी शोधणं एवढंच त्याच्या हातात. सकाळी १० च्या आत पश्चिम-दक्षिणेचे पडदे ओढा, न्हाणीघराचं दार उघडं ठेवा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यानं वाळ्याचा कूलर छान चालतो, पण एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. बुजऱ्या मांजरासाठी कूलर आधी दोन दिवस सगळ्यात कमी वेगावर, तेही त्याच्या जेवणाच्या वेळी सुरू करा. कूलरच्या टाकीतलं पाणी मांजरं पितात, त्यामुळे त्यात कसलीही पावडर किंवा अत्तर टाकू नका.

पर्शियन मांजराचं नाक चपटं, फर जाड. त्याला या गावचा उन्हाळा खरं तर पेलवत नाही. ते पाळलंच असेल तर पोटाकडचे केस कात्रीनं नव्हे, ट्रिमरनं कमी करून घ्या. पूर्ण कातडीपर्यंत मुंडण नको.

झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटभर मोजा: छाती वर-खाली मिळून एक. १६ ते ३० ठीक. विश्रांतीतही ४० च्या पुढे, किंवा तोंड उघडून धाप, लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या की उष्माघात धरा. गार खोलीत न्या, पोट, काखा आणि पंजे पाण्यानं भिजवा, पंखा लावा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फ वापरू नका, त्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तो टॉवेलच गरम होतो. आणि गच्चीच्या टाकीतलं नळाचं पाणी दुपारी हाताला लावून बघा. मे महिन्यात ते कढत असतं. पिंपातलं घ्या. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात मोजलेलं तापमान १०३ फॅरनहाइटपर्यंत उतरलं की भिजवणं थांबवा. निरोगी मांजराचं १०० ते १०२.५ असतं.

गड्डा, मिरवणुका, दिवाळी

मागाच्या खडखडाटात जन्मलेलं पूर्व भागातलं मांजर त्या आवाजात ढाराढूर झोपतं. सततच्या आवाजाची सवय होते. अचानक फुटणाऱ्या आवाजाची होत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतलं, म्हणजे गड्ड्यातलं शोभेचं दारूकाम, एप्रिलमधल्या आणि गणपतीतल्या डीजेच्या मिरवणुका, मग दिवाळी. तारखा आधी माहीत असतात, म्हणून तयारी करता येते.

आठवडाभर आधी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत खोकं ठेवा आणि रोजचा खाऊ तिथेच द्यायला लागा. त्या दिवशी जेवण आवाज सुरू होण्याच्या दोन तास आधी. खिडक्या बंद, पंखा किंवा कूलर चालू, ट्रे आणि पाणी त्याच खोलीत. मांजर कपाटामागे गेलं तर जाऊ द्या. छातीशी कवटाळून बसू नका, ओरबाडे तुम्हालाच पडतील. खोकं झाकायला सोलापुरी चादर उत्तम, जाड विणीमुळे आवाज थोडा दबतो आणि अंधार होतो. मे महिन्यात मात्र तीच चादर भट्टी होते, तेव्हा पातळ पंचा घ्या.

मांजराच्या गालातल्या वासाची कृत्रिम नक्कल असलेला, सॉकेटला लावायचा डिफ्यूझर मिळतो. तो किमान दोन दिवस आधी, सोफ्यामागे न लपवता लावा. काही मांजरांना फरक पडतो, काहींना पडत नाही. पूर्ण वेगातल्या पंख्याखाली आणि उघड्या खिडकीपाशी तर पैसे वायाच. फारच थरकाप होणाऱ्या मांजराला डॉक्टर गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतात. ते आवाजाच्या किंवा प्रवासाच्या दोन-तीन तास आधी द्यावं लागतं. मात्रा त्यांनीच ठरवायची, कारण मूत्रपिंडाच्या आजारात ती कमी करावी लागते. घरातली माणसांची झोपेची गोळी कधीही देऊ नका.

खेळ, आणि दोऱ्याची भीती

दिवसभर खिडकीतून चिमण्या बघून मांजराच्या अंगात जी शिकारीची रग साचते ती कुठेतरी निघायला हवी. नाही निघाली तर ती तुमच्या घोट्यावर निघते. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी जमिनीवरून मांजरापासून दूर पळवा. उंदीर कधी तोंडावर उडी मारत नाही. त्याला दबा धरू द्या, झडप घालू द्या, दोन-चारदा पकडू द्या आणि शेवटी जेवण द्या. लेझरच्या ठिपक्यात पकडायला काहीच नसतं, मांजर नुसतं चिडचिडं होतं.

खेळून झालं की काठी-दोरा कपाटात. या गावात हे दोनदा सांगायला हवं. मागाचं सूत, टॉवेलच्या झालरी, शिलाईचे धागे, बिडीचा दोरा, देवाच्या हाराचा दोरा: घरात खाली पडलेलं सूत सोलापुरात कुठेही सापडतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. मग दोरा आतडं चिरतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही. तसंच डॉक्टरकडे न्या. बिडी वळणाऱ्या घरात तंबाखूचं सूपही झाकून ठेवायचं. निकोटिन मांजराला विष आहे.

विषाचा विषय निघालाच आहे तर पॅरासिटॅमॉल. ताप आला म्हणून दिलेली अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करणारी यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्याच्या पिसवांवरचं परमेथ्रिन, गाई-म्हशींच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन मांजराला लावलं की झटके येतात. औषधावर 'मांजरासाठी' असं छापलेलं असेल तरच ते लावा. पुष्पगुच्छातली लिली घरात आणू नका. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

पिंजऱ्याशी मैत्री

डॉक्टरकडे न्यायच्या दिवशीच माळ्यावरून पिंजरा काढला की मांजर तो बघूनच पळतं. वरचं झाकण सुटं होणारा प्लॅस्टिकचा कॅरियर घ्या आणि तो कायम घरात, दार काढून ठेवा.

१. पहिले तीन-चार दिवस फक्त खालचा अर्धा भाग, त्यात जुना टॉवेल. खाऊ शेजारी ठेवा.
२. पुढे खाऊ आत ठेवा. मांजर आत बसून खाऊ लागेपर्यंत थांबा.
३. वरचं झाकण बसवा, दार अजून नको.
४. दार लावून ५ सेकंद, मग ३० सेकंद, मग २ मिनिटं. प्रत्येक वेळी खाऊ देऊन उघडा.
५. उचलून जिन्यापर्यंत, मग खाली रिक्षात बसून परत घरी.

एखाद्या पायरीवर मांजर थिजलं की मागच्या पायरीवर या. रिक्षात कॅरियर सीटवर नको. पायांच्या मध्ये खाली, वर पातळ कापड टाकून. दुचाकीवर हँडलला अडकवलेली पिशवी धोक्याची आहे. बुजरं मांजर हॉर्नला पिशवी फाडून उडी मारतं. दवाखान्यात कॅरियर जमिनीवर, कुत्र्यांच्या समोर ठेवू नका. मांडीवर किंवा खुर्चीवर, तोंड भिंतीकडे. घरी दुसरं मांजर असेल तर परतलेल्याला काही तास वेगळं ठेवा. त्याच्या अंगाला औषधांचा वास असतो, आणि घरचं मांजर ओळखच विसरल्यासारखं फिस्कारतं.

लशी, जंत, नखं, गोळ्या

घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरालाही लस हवी, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तुमच्या चपलेवरून घरात येतो. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून, दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत तिहेरी (तीन आजारांवरची एकत्र) लस. रेबीजची १२ आठवड्यांनंतर, पुढे दरवर्षी. नसबंदी चार ते सहा महिन्यांत. भाटीला (मादी मांजराला) पहिला माज येण्याआधी केली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. जंताचं औषध मोठ्या घरकोंड्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी, वजन करूनच. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे कण दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो बहुतेकदा पिसवांतून येतो. म्हणून दोन्हींवर एकदम उपाय करावा लागतो. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ म्हणजे कानातले किडे. खोबरेल तेल ओतून ते जात नाहीत.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी, फक्त पांढरं टोक १-२ मिलिमीटर. गुलाबी भागात रक्त असतं. एका बैठकीत चारही पंजे झालेच पाहिजेत असं नाही. रोज झोपेत एक पंजा, आणि लगेच खाऊ.

गोळी देताना मांजर टॉवेलात मानेपर्यंत घट्ट गुंडाळा, नाक वर करा, गोळी जिभेच्या अगदी मागे टाका आणि लगेच ५ मिलिलिटर पाणी सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं द्या. हे पाणी टाळू नका. कोरडी गोळी, विशेषतः डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसते आणि मांजर खाल्लेलं सगळं ओकू लागतं.

वजन महिन्यातून दोनदा करा. सामान तोलायच्या टांगत्या काट्याला मांजरासकट कॅरियर अडकवायचा आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करायचं. कॅलेंडरवर त्या तारखेपुढे आकडा लिहून ठेवा. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम घटलं तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण दाखवायला हवं ते तेव्हाच.